टपावर काय ठेवाल?

आज मी तुम्हांला आमची फजिती सांगणार आहे. बाई वर्गात रोज बेरजा-वजाबाक्या शिकवतात, पण वेळेवर स्वतःच बेरीज करायला विसरतात, अशी ती फजिती!

माझ्या दादानं एक जुनी जीप घेतली. जुनी म्हणजे चांगली वीस वर्षांची. तिच्या टपाच्या कडेनं पावसाचं पाणी वाहून जायला पन्हळ असते ना, तिलाच नटबोल्टनं आवळून त्यानं लोखंडी कॅरिअर बसवलं. त्यावर 100 वॅटचं सोलर पॅनेल. बेत असा, की भंडारदऱ्याला तंबू ठोकायचा, रात्री तारे बघायचे आणि दिवे लावायचे ते सूर्याच्या विजेवर!

निघताना जे दिसेल ते टपावर चढवलं. तंबू, अंथरुणं, पाण्याचे दोन मोठे कॅन, शिवाय जडशीळ बॅटरी. घोटी सोडली. पुढं एका उतारावरच्या वळणावर गाडी अशी काही कलली, की मागं बसलेली माझी भाची किंचाळलीच. दादानं कशीबशी गाडी सावरली. कोणाला काही झालं नाही, पण माझे हातपाय अर्धा तास कापत होते. आम्ही तिथूनच परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी एकेक वस्तू काट्यावर ठेवली. कॅरिअर 28 किलो, तंबू आणि अंथरुणं 22, पाणी 40, बॅटरी 30, पॅनेल 8. करा बेरीज! 128 किलो. आणि गाडीच्या पुस्तिकेत टपासाठी मर्यादा होती 75 किलोची! त्यात कॅरिअरचं वजनही धरायचं असतं, हे आमच्या गावीही नव्हतं.

पण वजन खाली ठेवलं काय नि वर ठेवलं काय, फरक का पडावा? हे तुम्हीच करून बघा. एक उंच, अरुंद खोका घ्या. त्याच्या तळाशी एक दगड चिकटपट्टीनं बसवा. खोका फळीवर उभा करा आणि फळी हळूहळू तिरकी करा. आता तोच दगड खोक्यात वरच्या बाजूला चिकटवा आणि पुन्हा करा. खोका आधीपेक्षा लवकर कोलमडतो, हो ना? वजन वर गेलं, की गुरुत्वमध्य वर जातो. मग थोड्याशा कलण्यानंही तोल जातो.

म्हणून पाणी आणि बॅटरी खाली आली. बॅटरी हवा खेळेल अशा पेटीत, पट्ट्यानं घट्ट आवळून. टपावर उरले 58 किलो.

आता सूर्याकडे वळू. पॅनेलमधली सिलिकॉनची चकती उजेडाची वीज करते. असा कामाचा सौर घट पहिल्यांदा अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत 1954 साली तयार झाला. 1958 साली व्हॅनगार्ड-1 हा उपग्रह तो घेऊन अवकाशात गेला. तीच विद्या आता जीपच्या टपावर!

आमचा हिशेब असा. चांगलं ऊन चार तास धरलं, तर 100 गुणिले 4 म्हणजे 400 वॅट-तास. वाटेतली घट वजा जाता 300 धरा. खर्च? दोन दिवे 40, छोटा पंखा रात्रभर 120, चार मोबाइल 60. एकूण 220. भागलं की! पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये चार्ज कंट्रोलर हवा, नाहीतर बॅटरी प्रमाणाबाहेर भरून खराब होते. बॅटरीजवळ फ्यूज तर हवाच हवा. आणि पॅनेलखाली चार बोटं जागा सोडायची. वारा खेळला नाही, तर पॅनेल तापतं आणि वीज कमी देतं.

दुसऱ्या खेपेला पुन्हा एक गंमत झाली. दादानं गाडी झाडाखाली लावली. पॅनेलच्या एका कोपऱ्यावरच सावली, पण वीज मात्र एकदम घसरली! पॅनेलमधले घट एकामागं एक जोडलेले असतात. रांगेत उभं राहून घागरी पुढं देताना एकजण थांबला, की सगळी रांग अडते, तसंच. गाडी दोन हात पुढं घेतली नि काम झालं. त्या रात्री भाचीनं पंख्याच्या वाऱ्यात मस्त झोप काढली. तारे बघायचे राहिलेच!

एक सांगून ठेवते. हे काम मोठ्या माणसांचं आणि जाणत्या कारागिराचं. शिवाय गाडीत बदल करायला कायद्याची मर्यादा आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम त्यासाठीच आहे. आधी आरटीओत विचारायचं, मग पाना हातात घ्यायचा.

आता तुमचं काम. आमच्या टपावर अजून 17 किलोची जागा आहे. दोरखंड 3 किलो, ताडपत्री 5, घडीच्या खुर्च्या 12, तांदळाचं पोतं 10. यांतलं काय वर ठेवाल, काय खाली? आणि का? पत्रानं कळवा. वाट बघते!