पेरणारा आणि उपटणारा

वनस्पतींनी मातीतून पोषण घ्यावे आणि प्राण्यांनी वनस्पतींवर जगावे, हा सृष्टीचा सर्वसाधारण क्रम होय. काही वनस्पतींनी मात्र हा क्रम उलटा केलेला आढळतो. अमेरिकेच्या आग्नेय भागातील पाणथळ माळरानांवर वाढणारी सारासेनिया नावाची घटपर्णी ही त्यांपैकीच एक. तेथील माती आम्ल व निकस असते; नत्राचा अंश तिच्यात फारच थोडा. म्हणून या वनस्पतीची पानेच उभ्या, पोकळ घटासारखी झालेली आहेत. घटाच्या तोंडाशी मधुरस पाझरतो. त्याच्या लोभाने आलेला कीटक गुळगुळीत काठावरून आत घसरतो. आतील केसांची टोके खाली वळलेली असल्यामुळे त्याला पुन्हा वर चढता येत नाही. तळाशी त्याचे शरीर विरघळते आणि त्यातील नत्र वनस्पतीच्या उपयोगी पडते.

अशा नवलाच्या वनस्पतीचा मोह माणसाला पडावा, यात आश्चर्य नाही. तो मोह पुरा करण्याचे मार्ग मात्र दोन आहेत. एक उपटण्याचा, दुसरा पेरण्याचा. दिसावयास दोहोंचे फळ एकच. अंगणातील कुंडीत घटपर्णी उभी राहते. परंतु पहिल्या मार्गाने रानातील एक झाड कमी होते, दुसऱ्या मार्गाने जगात एक झाड वाढते. हे अंतर लहान नव्हे.

पेरण्याच्या मार्गाला दीडशे वर्षांची परंपरा आहे. आयर्लंडमधील डब्लिन शहरी ग्लासनेव्हिन येथे एक प्रसिद्ध वनस्पती-उद्यान आहे. त्याचे प्रमुख डॉ. डेव्हिड मूर यांनी घटपर्णीच्या दोन जातींचा संकर घडवून आणला. एक जात पिवळ्या घटांची, दुसरी पांढऱ्या माथ्याच्या घटांची. हा संकर १८७४ साली इटलीतील फ्लॉरेन्स येथे लोकांपुढे मांडण्यात आला. मूर यांच्या नावावरूनच तो आजही ओळखला जातो. पुढच्याच वर्षी, १८७५ साली, चार्ल्स डार्विन यांचा कीटकभक्षी वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि या वनस्पतींविषयीचे कुतूहल सर्वत्र वाढले.

संकराचे काम वरवर सोपे आहे. घटपर्णीचे फूल खाली मान घालून लोंबते, आणि त्याच्या आत उलट्या छत्रीसारखा एक भाग असतो. परागकण या छत्रीत गळून पडतात. ते बारीक कुंचल्याने उचलावयाचे आणि दुसऱ्या जातीच्या फुलातील छत्रीच्या पाच टोकांखाली अलगद लावावयाचे, एवढीच कृती. मधमाश्यांनी भलतेच पराग आणू नयेत, म्हणून फुलावर जाळीदार कापड बांधतात. तेथे वसंतात फुललेल्या फुलाचे बी शरद ऋतूत पिकते.

खरी परीक्षा यापुढे असते. हे बी पेरल्याबरोबर उगवत नाही. मूळ प्रदेशात ते हिवाळाभर थंड, ओल्या मातीत निजून राहते, आणि ती सवय त्याच्या अंगात मुरलेली असते. म्हणून चार ते सहा आठवडे ते ओल्या शेवाळात, शीतकपाटात ठेवावे लागते. मग ते खत नसलेल्या, शेवाळकुजीच्या भिजल्या थरावर, मातीने न झाकता पसरावयाचे. पाणी पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित घालावयाचे. विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यातील क्षार या रोपांना सोसत नाहीत. काही आठवड्यांनी दोन इवली दले वर येतात, आणि त्यांच्या मागोमाग येणारे पहिले पानच चिमुकल्या घटाचे रूप घेऊन येते. एवढेसे रोप पूर्ण वाढून फुलावयास मात्र चार-पाच वर्षे तरी लागतात.

‘एवढा खटाटोप कशासाठी? मोठ्या झाडाच्या मुळाचा तुकडा तोडून लावला की झाले!’ असे कोणी म्हणेल. घरच्या झाडाचा तुकडा लावण्यात दोष नाही. पण तुकड्यातून आलेले झाड मूळ झाडाची हुबेहूब प्रत असते. त्यात नवे काही नसते. बियांची गोष्ट निराळी. एकाच फळातील संकरित बियांपासून आलेली रोपे सख्ख्या भावंडांसारखी असतात. कोणी आईच्या वळणावर जाते, कोणी बापाच्या. कोणाचा घट उंच, कोणाचा रुंद, कोणावर तांबड्या शिरांची जाळी. कोणते रोप काय रूप घेईल, हे पेरणाऱ्याला आधी ठाऊक नसते. म्हणून तो प्रत्येक कुंडीत पाटी खोवून प्रथम मातेचे, मग पित्याचे नाव लिहितो. ही नोंद चुकली, तर पाच वर्षांच्या श्रमांचे ज्ञान वाया जाते. अशा रीतीने बी पेरणारा मनुष्य धीर, निरीक्षण आणि सचोटी हे तिन्ही गुण नकळत शिकतो.

परंतु संकर करणाऱ्याने एक अहंकार टाळलाच पाहिजे. बागेत सुंदर संकर आहेत, तेव्हा रानातील मूळ जाती गेल्या तरी चालेल, असे समजणे ही मोठी भूल होय. मूर यांच्या संकराचे रंगरूप रानातल्या दोन जातींकडूनच आले. मुद्दल बुडाल्यावर व्याज कोठून येणार? आज अमेरिकेतील ती पाणथळ माळराने बहुतांशी नष्ट झाली आहेत. कोठे पाणी काढून शेते केली गेली, तर कोठे पूर्वी विजेने लागणारे वणवे थांबल्यामुळे झुडपे माजून घटपर्णींना ऊन मिळेनासे झाले. त्यांत उपटून नेणाऱ्यांची भर पडली. डोंगराळ भागातील सारासेनियाची एक जात १९७९ सालीच तेथील सरकारला संकटग्रस्त ठरवावी लागली.

उलट दिशेची चूकही तितकीच घातक आहे. हौसेने वाढविलेले झाड कोणत्याही दलदलीत नेऊन लावणे, हा निसर्गावर उपकार नव्हे. आयर्लंडच्या दलदलींत १९०६ साली अमेरिकेतील एक घटपर्णी मुद्दाम लावण्यात आली. पुढे ती इतकी पसरली की, तेथील मूळच्या वनस्पतींच्या रक्षणासाठी काही ठिकाणी तिला उपटून काढावे लागले. बागेचे बागेत शोभते, रानाचे रानात.

हा धडा दूरदेशापुरता नाही. भारतातही मेघालयात निराळ्या कुळातील एक दुर्मिळ घटपर्णी आहे. आणि महाराष्ट्रात, साताऱ्याजवळील कासच्या पठारावर, पावसाळ्यात दवबिंदू व सीतेची आसवे या इवल्या कीटकभक्षी वनस्पती उगवतात. त्यांना पाहून जो हात पुढे करतो, त्याने तो क्षणभर आवरावा. उपटावयास एक क्षण पुरतो, पेरावयास पाच वर्षे लागतात. परंतु त्या पाच वर्षांचा धनी ज्याला होता येते, त्याला रानातले एकही झाड उपटावेसे वाटत नाही.