कारखाना येईल तेव्हा येईल. त्याआधी काय आणि त्यानंतर काय?

निवडणूक आली की ग्वाल्हेरात एक प्रश्न ठरलेला असतो. मंचावर कोणत्याही पक्षाचा उमेदवार असो, समोरून कोणीतरी विचारतोच, "साहेब, कारखाना कधी येणार?" उत्तरही ठरलेले असते. कारखाना येणार, जमीन पाहिली आहे, बोलणी सुरू आहेत. टाळ्या पडतात, हार घातले जातात आणि सभा संपते. हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे असे आमचे मत आहे. कारखाना येण्याआधी शहराने काय तयारी केली आणि कारखाना बंद पडल्यावर माणसांचे काय झाले, हे दोन प्रश्न त्याला जोडल्याशिवाय विकासाची चर्चा पुरी होत नाही. या दोन्ही बाबतींत आपल्या शहराचा अनुभव कडू आहे, आणि त्याच अनुभवाचा एक धागा थेट आग्नेय आशियापर्यंत जातो. म्हणून हा लेखप्रपंच.

लष्कर वसले ते १८१० च्या सुमारास, दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून. पुढे शंभर वर्षांनी माधव महाराजांच्या काळात संस्थानाने उद्योगांना जागा आणि सवलती दिल्या. १९२१ साली घनश्यामदास बिर्लांनी जियाजीराव कॉटन मिल काढली. तीच आपली जे. सी. मिल. तिच्या भोवती बिर्लानगर उभे राहिले, हजीऱ्याचा बाजार वाढला. देश स्वतंत्र झाला त्याच महिन्यात, ऑगस्ट १९४७ मध्ये, ग्वालियर रेयॉन ही कंपनी इथे स्थापन झाली. तिचेच पुढचे नाव ग्रासिम. 'ग्वालियर सूटिंग'मुळे आपल्या गावाचे नाव देशभरच्या कापडाच्या दुकानांत पोचले.

मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. मध्य भारताची राजधानी असण्याचा आपला मान गेला आणि समजूत काढावी तशी काही कार्यालये इथे आली किंवा राहिली. राजस्व मंडळ, महालेखाकार, परिवहन आयुक्त, आबकारी आयुक्त. आपल्या समाजातील अनेक घरांचा संसार याच कार्यालयांवर चालला. एका बाजूला गिरणी, दुसऱ्या बाजूला सरकारी टेबल, असे हे शहर दोन पायांवर उभे होते. १९९० च्या दशकात जे. सी. मिल बंद पडली आणि एक पाय गेला. हजारो कामगारांची देणी दशकानुदशके अडकून राहिली. काहींनी ठेला लावला, काहींनी चौकीदारी धरली, काही वाट पाहतच गेले.

आकडेच पाहायचे तर १९५१ च्या जनगणनेत ग्वाल्हेरची लोकसंख्या अडीच लाखांच्या जरा आत होती आणि इंदूरची तीन लाखांच्या जरा वर. २०११ मध्ये ग्वाल्हेर साडेदहा लाखांवर, तर इंदूर साडेएकोणीस लाखांच्या पुढे. इंदूरच्याही गिरण्या बंद पडल्या, पण तिथे व्यापार, शिक्षण, वाहतूक, औषधे यांचे इतर पाय आधीच तयार होते.

आता तो धागा. बिर्ला घराण्यातील आदित्य विक्रम बिर्ला यांनी १९६९ मध्ये थायलंडमध्ये इंडो-थाई सिंथेटिक्स ही कंपनी काढली. त्यांच्या समूहाचा तो पहिला परदेशी उद्योग. इकडे परवान्यांचा काळ होता. किती माल काढायचा, किती यंत्रे आणायची, सारे दिल्लीला विचारावे लागे. पुढे १९७३ मध्ये इंडोनेशियात एलिगंट टेक्स्टाइल, १९७५ मध्ये फिलिपीन्समध्ये इंडो-फिल आणि १९८२ मध्ये पुन्हा इंडोनेशियात इंडो-भारत रेयॉन. तिथली मिल चालली म्हणून इथली बंद पडली, असा सरळ हिशेब आम्ही मांडत नाही. तो खराही नाही. पण ज्या उद्योगाने आपल्या गावात बाळसे धरले, त्याला पुढचे पाऊल टाकायला जावा बेट सोयीचे वाटले, याचा विचार करायलाच हवा. जमीन आणि मजूर तर आपल्याकडेही होते.

इंडो-भारत रेयॉनचा कारखाना पश्चिम जाव्यातील पुर्वाकार्ता इथे आहे. जवळच चितारुम नदीवर जातिलुहूरचे मोठे धरण आहे, १९६७ साली पूर्ण झालेले. जकार्ता शहर तिथलेच पाणी पिते, जसे आपण तिघराचे पितो. पण इंडोनेशियाची खरी तयारी धरणापेक्षा शाळेत दिसते. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि त्या सरकारच्या हाती पैसा आला. त्यातून सहा वर्षांत, १९७८-७९ पर्यंत, ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या गेल्या. जिथे शाळेबाहेरची मुले जास्त, तिथे शाळा जास्त, असा नियम ठेवला. पाठोपाठ प्राथमिक शाळेची फी बंद केली. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ सगळी मुले, आणि मुलीही, शाळेत दिसू लागल्या. नंतर सुताच्या, कपड्यांच्या, बुटांच्या कारखान्यांत ज्या लाखो मुली कामाला लागल्या, त्या लिहिता-वाचता येणाऱ्या होत्या. आजही त्या देशात निम्म्याहून अधिक प्रौढ स्त्रिया काम करतात किंवा काम शोधतात. आपल्या देशाच्या शहरांत २०२३-२४ मध्ये हे प्रमाण शंभरात २८ होते.

म्हणजे इंडोनेशियाचे सारे आलबेल आहे का? मुळीच नाही. १९९७-९८ मध्ये तिथला रुपया असा घसरला की डॉलरला अडीच हजारांच्या आसपास असलेला दर सोळा हजारांपर्यंत गेला. १९९८ या एका वर्षात अर्थव्यवस्था सुमारे १३ टक्क्यांनी आकसली, बँका बुडाल्या, शहरांत दंगली झाल्या आणि ३२ वर्षे सत्तेवर असलेल्या सुहार्तोंना २१ मे १९९८ रोजी पायउतार व्हावे लागले. कारखाने होते, पण नोकरी गेली तर धरायला काही नव्हते. चितारुम नदी इतकी घाण झाली की तिच्या सफाईसाठी २०१८ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षांना आदेश काढून सैन्य लावावे लागले. आणि अगदी अलीकडचे उदाहरण म्हणजे सोलो शहराजवळची श्रीटेक्स. १९६६ मध्ये बाजारातील कापडाच्या व्यापारातून सुरू झालेली, देशातील सर्वांत मोठ्या कापड कंपन्यांतली एक. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयाने तिला दिवाळखोर ठरवले, १ मार्च २०२५ पासून कामकाज थांबले आणि दहा हजारांहून अधिक माणसे घरी बसली. बिर्लानगरच्या म्हाताऱ्या कामगाराला ही बातमी समजावून सांगावी लागणार नाही.

फरक इतकाच, की १९९८ च्या ठेचेनंतर त्या देशाने हळूहळू काही आधार उभे केले. नोकरी गेलेल्या कामगाराला काही महिने पगाराचा काही भाग आणि नवे काम शिकण्याची सोय देणारी विमा योजना तिथे २०२२ पासून सुरू झाली. ती पुरेशी नाही, तिच्यात पळवाटाही आहेत. तरी कारखाना बंद पडू शकतो हे गृहीत धरून आधीच काही करून ठेवावे, हा विचार सरकारी कायद्यात आला. आपल्याकडे हा विचार अजून भाषणातही येत नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. 'आधी काय' याचा पहिला हिशेब मुलींचा. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली किती? मध्य प्रदेशात ९१८. ग्वाल्हेर जिल्ह्यात ८४०, भिंडमध्ये ८४३, मुरैनामध्ये ८२९. गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा कायदा १९९४ चा आहे. ज्या भागात मुलगी जन्मालाच येऊ दिली जात नाही, तिथे ती कारखान्यात, कार्यालयात, प्रयोगशाळेत कुठून येणार? शहरातील निम्मी बुद्धी आणि निम्मे हात बाजूला ठेवून विकास होत नाही, हे पुर्वाकार्ताला जाऊन शिकायची गरज नाही.

जन्माला आली, शिकली, तर पुढे काय? शिक्षणसंस्थांची आपल्याकडे वाण नाही. जुने व्हिक्टोरिया कॉलेज आहे, गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे, माधव अभियांत्रिकी संस्था १९५७ पासून आहे, जिवाजी विद्यापीठ १९६४ पासून. मुले-मुली इथे शिकतात आणि पदवीचा कागद घेऊन पुणे, बंगळूर, नोएडाची गाडी पकडतात. मालनपूर इथून विसेक किलोमीटरवर. तिथे चॉकलेटपासून नायलॉनपर्यंत सारे बनते. बानमोरला टायर बनतात. पण संध्याकाळची पाळी संपवून मुलगी सुरक्षितपणे लष्करात किंवा मुरारला परत येईल अशी भरवशाची बस कुठे आहे? बस नाही म्हणून घरचे नोकरीला नाही म्हणतात, आणि मग म्हणायचे की बायका कामाला येत नाहीत!

आणखी एक धडा डोळ्यांसमोर आहे. दिल्लीवरचा भार हलका करण्यासाठी १९८९ मध्ये लागू झालेल्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या आराखड्यात ग्वाल्हेरची निवड झाली. कोटा, बरेली, पटियाला, हिसार यांच्या पंक्तीत आपण होतो. तिघराच्या बाजूला नवे शहर वसवायला 'साडा' नावाचे प्राधिकरण आले. भूखंड पाडले, रस्ते झाले. पण शाळा, दवाखाना, बस, पाणी, रोजगार यांची सांगड बसली नाही, म्हणून माणसे आली नाहीत. कागदावर शहर आणि जमिनीवर झुडपे. आणि जुन्या शहरातून वाहणारी स्वर्णरेखा नाला होऊन बसली. चितारुमला नावे ठेवण्याआधी आपल्या पुलावर उभे राहून खाली पाहावे.

'नंतर काय' याचा हिशेब मात्र आपल्याच राज्यात एकदा मांडला गेला आहे. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांनी न्यायालयाची पायरी सोडली नाही, आठवड्याची बैठक मोडली नाही. अखेर मिलच्या जमिनीचा प्रश्न गृहनिर्माण मंडळ आणि नगर निगम यांच्यात सुटला आणि २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश देण्यात आला. सुमारे ४,८०० कामगारांचा हा पैसा. बत्तीस वर्षांनी. तोवर कित्येकांच्या वाट्याचा पैसा त्यांच्या विधवांनी आणि मुलांनी घेतला. तो दिवस अटलजींचा जन्मदिवस होता आणि अटलजी ग्वाल्हेरचे. मग त्याच मार्गाने ग्वाल्हेरच्या कामगाराला का जाता येऊ नये? जमीन आधी, देणी सवडीने, हा क्रम उलटला पाहिजे.

समाजबंधू-भगिनींनो, यात आपला काय संबंध, असे कोणी विचारील. दौलतगंज, शिंदे की छावनी, नया बाजार या भागांतील आपली घरे पाहावीत. वरच्या मजल्याला कुलूप, खाली दोन वृद्ध, आणि रविवारी पुण्याहून फोन. गणेशोत्सवात आरतीला आवाज कमी पडतो, तो भक्ती आटली म्हणून नव्हे, गाणारे गळे गावात नाहीत म्हणून. भाषा टिकवायला वर्ग काढता येतात, नाटक बसवता येते, आणि ते करायलाच हवे. पण ज्या शहरात तरुणाला काम नाही तिथे कोणतीही भाषा फार काळ राहत नाही. मराठी जगवायची असेल तर ग्वाल्हेर जगले पाहिजे, आणि ते एकट्या आपल्या समाजासाठी नव्हे, हजीऱ्याच्या विणकराच्या नातवासाठीही.

म्हणून नगर निगमाच्या पुढच्या निवडणुकीत जो उमेदवार आपल्या दारी येईल, त्याला आपण चार प्रश्न विचारावेत. जे. सी. मिलच्या जमिनीचा एक तुकडाही विकला जाण्याआधी कामगारांची देणी पूर्ण मिळतील, असे लिहून द्याल का? मालनपूर आणि बानमोरच्या पाळ्यांच्या वेळेला शहरातून बस सुरू करण्यासाठी काय कराल, आणि केव्हापर्यंत? आपल्या वॉर्डात दरवर्षी किती मुले आणि किती मुली जन्मल्या, हे फलकावर लावाल का? स्वर्णरेखेत पडणारे घाण पाणी कोणत्या वर्षी थांबेल?

या चारही गोष्टींना मोठा उद्योगपती लागत नाही, परदेशी भांडवल लागत नाही. इच्छा लागते आणि मागे लागणारे नागरिक लागतात. हुकुमचंदचे कामगार बत्तीस वर्षे मागे लागले. आपण निदान पाच वर्षे तरी लागू. उमेदवाराने या चार प्रश्नांची उत्तरे दिली, तर कारखान्याचा पाचवा प्रश्न खुशाल विचारावा. मग त्या प्रश्नाला काही अर्थ असेल.