देवळालीची हवा आणि नाशिकची मुले

प्रकृती सुधारावयाची तर नाशिक-देवळालीस जावे, असा सल्ला मुंबईचे डॉक्टर एके काळी देत असत. देवळालीची आरोग्यधामे त्याच लौकिकावर उभी राहिली. पण २०१९ साली राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा हवेची विहित मानके न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत त्याच नाशिकचे नाव आले! नाशिककरांना त्याची म्हणावी तशी खंत वाटली नाही. कारण धुराने फार तर खोकला वा दमा होतो, अशीच आपली समजूत.

ही समजूत अपुरी आहे. अडीच मायक्रॉनहून सूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर शिरतात. त्यांमुळे चरबीत दाह होतो आणि इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो, असे २००९ साली अमेरिकेत उंदरांवरील प्रयोगांत दिसले. लॉस एंजेलिसमधील स्थूल मुलांच्या २०१७ सालच्या अभ्यासात, अधिक दूषित हवेत वाढणाऱ्यांची इन्शुलिनविषयक क्षमता अधिक वेगाने घटल्याचे आढळले. सर्वच अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. स्थूलतेचे सारे खापर धुरावर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु ‘मुले खातात फार, खेळतात कमी’ असे म्हणून सारा दोष घरावर ढकलणे हेही न्यायाचे नव्हे.

आपल्याकडे तर सावधगिरीस अधिक कारण आहे. भारतीय बालक वजनाने कमी असूनही त्याच्या देहात चरबीचे प्रमाण अधिक असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवून दिले. मधुमेहाकडे असा जन्मजात कल असलेल्या देहावर धुराचा भार लादणे शहाणपणाचे आहे काय?

सूक्ष्म कणांचे वार्षिक प्रमाण घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमपर्यंत आपल्या कायद्यास चालते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा अवघी ५ आहे. रस्त्यांवर पाणी शिंपडून जाडी धूळ बसेल; डिझेलचा धूर, जळता कचरा व कारखान्यांची धुराडी यांतून निघणारे कण बसणार नाहीत. म्हणून महापालिकेने द्वारका, सातपूर, अंबड परिसरांतील शाळांजवळ हवेचे मापन करून आकडे रोज जाहीर करावेत, कचरा जाळणे कठोरपणे थांबवावे आणि २०२७ च्या सिंहस्थाची कामे धूळ झाकूनच करवावीत, अशी आमची मागणी आहे.

मुलांना मैदानावर जा म्हणून सांगणाऱ्यांनी मैदानावरची हवा कशी आहे, याचे उत्तर आधी द्यावे!