‘माझा हात चालत नाही’ असे म्हणू नका

दहावीच्या वर्गाचा प्रयोगाचा तास होता. ओहमच्या नियमाचा प्रयोग. विद्युतघट, कळ, रोध, अ‍ॅमीटर, व्होल्टमीटर आणि तारा एवढे साहित्य प्रत्येक टेबलावर मांडलेले होते. एका टेबलावर एक मुलगा भराभर तारा जोडत होता आणि दुसरा वही उघडून लांब बसला होता. मी त्याला म्हटले, “अरे, तू का जोडत नाहीस?” तो म्हणाला, “सर, माझा हात चालत नाही. मी वाचून शिकणारा आहे. सुट्टीतल्या शिबिरात चाचणी घेतली होती, तिच्यात तसे आले.” त्याचा जोडीदार लगेच म्हणाला, “आणि मी हाताने शिकणारा, सर. म्हणून वही याच्याकडे, तारा माझ्याकडे.”

मी दोघांची कामे बदलली. वहीवाल्याला नियम तोंडपाठ होता, पण त्याने व्होल्टमीटर समांतर जोडण्याऐवजी एकसरीत जोडला. अ‍ॅमीटरचा काटा शून्यावरून हलेना आणि असे का होते हे त्याला समजेना. तारा जोडणाऱ्याने मघाशी मंडल अगदी बरोबर जोडले होते. पण व्होल्टमीटर समांतरच का, असे विचारताच तो गप्प झाला. व्होल्टमीटरचा रोध फार मोठा असतो, त्यामुळे तो एकसरीत आला की प्रवाह जवळजवळ बंद पडतो, ही गोष्ट त्याने वाचलीच नव्हती. दोन्ही मुले हुशार. दोघांनीही आपल्याला मिळालेली चिठ्ठी मुकाट्याने कपाळावर चिकटवून घेतली होती आणि दोघांचेही अर्धे शिक्षण राहून गेले होते.

विद्यार्थी मित्रांनो, या चिठ्ठ्यांविषयीच आज थोडे बोलावयाचे आहे.

कोणी पाहून शिकतो, कोणी ऐकून, कोणी वाचून आणि कोणी हाताने करून, अशी विभागणी बरीच लोकप्रिय आहे. न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांनी १९९२ मध्ये मांडलेली चार प्रकारांची विभागणी जगभर पसरली. अशी विभागणी करणारे ते एकटेच नव्हेत. २००४ साली इंग्लंडमध्ये फ्रँक कॉफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला, तेव्हा त्यांना शिकण्याच्या पद्धतींचे निरनिराळे ७१ आराखडे सापडले! एकाच माणसाची ७१ तऱ्हांनी वर्गवारी होऊ लागली, तर त्या वर्गवारीविषयी शंका येणे साहजिक आहे.

पण विज्ञानाचा विद्यार्थी नुसत्या शंकेवर थांबत नाही, तो कसोटी मागतो. येथे कसोटी कोणती? समजा, पाहून शिकणारे आणि ऐकून शिकणारे असे दोन गट केले. प्रत्येक गटातील निम्म्यांना चित्रांनी शिकवले व निम्म्यांना बोलून. मग सर्वांची एकच परीक्षा घेतली. कल्पना खरी असेल, तर पाहणाऱ्यांना चित्रांनी आणि ऐकणाऱ्यांना बोलण्याने अधिक गुण मिळाले पाहिजेत. सर्वांनाच चित्रांनी अधिक गुण मिळाले, तर चित्रे चांगली होती एवढेच सिद्ध होईल. हॅरॉल्ड पॅशलर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली या दृष्टीने आधीचे संशोधन तपासले. अशा काटेकोर कसोटीला उतरलेले प्रयोग फारच थोडे निघाले आणि त्यांतीलही बहुतेकांतून कल्पनेला आधार मिळाला नाही. आवड असू शकते. एखाद्याला आकृती आवडेल, दुसऱ्याला गोष्ट आवडेल. पण आवडीच्या मार्गाने शिकवले म्हणून अधिक शिकता येते, याला पुरेसा पुरावा नाही.

हातकामाच्या बाबतीत तर हे साध्या विचारानेही पटण्यासारखे आहे. तबला कानाने शिकावा लागतो. बोल आधी तोंडाने म्हणावे लागतात, मग ते बोटांत उतरतात. डोळ्यांनी शिकणारा म्हणून कोणाला ‘धा’ आणि ‘ता’ यांतील फरक कान बंद ठेवून समजणार नाही. कणीक सैल झाली की घट्ट, हे बोटांना कळते. डाख देताना कथील चकचकीत होऊन सांध्यावर पसरले की नाही, हे डोळ्यांनी पाहावे लागते. म्हणजे कोणत्या इंद्रियाने शिकावयाचे हे बऱ्याच अंशी काम ठरवते, माणसाचा प्रकार ठरवत नाही. शिवाय बहुतेक कामांना एकाहून अधिक इंद्रिये लागतात. सुतार रंधा मारताना लाकडावर डोळा ठेवतो, पाते अडखळले तर त्याला ते आवाजावरून कळते आणि पृष्ठभाग गुळगुळीत झाला का, हे तो तळव्याने तपासतो.

मग वाचून हात तयार का होत नाही? याचे उत्तर मेंदूच्या रचनेत आहे. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूवर फेफऱ्यावरचा उपाय म्हणून शस्त्रक्रिया करण्यात आली. तिच्यानंतर त्याला नव्या घटना लक्षात ठेवता येईनात. काही मिनिटांपूर्वी भेटलेला माणूसही त्याला नवा वाटे. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ विदुषींनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवावयास सांगितले. तीन दिवसांत त्याच्या चुका पुष्कळ कमी झाल्या. मात्र हे काम आपण पूर्वी केले आहे, याची आठवण त्याला कधीच नव्हती! हाताची आठवण आणि सांगता येणारी आठवण यांची व्यवस्था मेंदूत वेगवेगळी असते, हे यावरून दिसून आले. निरोगी माणसाजवळ या दोन्ही व्यवस्था असतात. वाचणाऱ्याजवळ एक आणि करणाऱ्याजवळ दुसरी, असे नाही. सायकल येणाऱ्या कोणालाही विचारून पाहा. सायकल डावीकडे कलू लागली की आपण हँडल डावीकडेच वळवून तोल सावरतो. हे पाय आणि हात रोज करतात, पण तोंडाने सांगणारे थोडेच भेटतील.

याचा अर्थ सर्व मुले सारखी असतात, असा मुळीच नाही. फरक असतात आणि ते शिक्षकांनी ओळखलेच पाहिजेत. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताची कात्री देऊन तो धांदरट आहे असे म्हणणे हा अन्याय आहे. ज्याला लाल व हिरवा रंग वेगळे दिसत नाहीत, त्याला रंगांच्या खुणा असलेल्या तारा देऊन चालणार नाही. ज्याला दिसत नाही, त्याच्यासाठी मोजमापाचे साधन स्पर्शाने वाचता आले पाहिजे. या खऱ्या गरजा आहेत. दुसरा मोठा फरक पूर्वानुभवाचा असतो. ज्या मुलीने घरी शिवणयंत्र चालवले आहे, तिचा हात पहिल्याच दिवशी स्थिर असतो. ज्याच्या हातात घरी कधी पक्कड पडली नाही, त्याचा हात थरथरतो. आपण या थरथरीला स्वभाव समजतो. बहुतेक वेळा ती फक्त सवयीची उणीव असते.

ही सवय कशी लावावी याविषयी मात्र प्रयोगांतून चांगली माहिती मिळाली आहे. इंग्लंडमध्ये पोस्टातील कामगारांना टंकलेखन शिकवावयाचे होते. बॅडली आणि लाँगमन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काहींना रोज एकच तास, तर काहींना दोन दोन तासांच्या दोन बैठका असा सराव दिला होता. एकूण तास मोजले, तर रोज एक तासवाले कमी तासांत शिकले. गंमत अशी की आपल्या वेळापत्रकावर सर्वांत नाराज तेच होते! रोजची प्रगती त्यांना थोडी वाटे. आपल्याला सोयीचे वाटते तेच आपल्या हिताचे असते असे नाही, हा धडा येथेही मिळतो. त्याच वर्षी केर आणि बूथ यांनी आठ वर्षांच्या मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांनी तीन फुटांवरच्या खुणेवर लहान पिशवी टाकण्याचा सराव केला. इतरांनी दोन आणि चार फुटांवर केला. शेवटी तीन फुटांवर परीक्षा घेतली तेव्हा दुसरा गट सरस ठरला. थोडा थोडा, नियमित आणि बदलता सराव उपयोगी पडतो, तो असा.

आता मला खरी चिंता कशाची वाटते ते सांगतो. आपल्या समाजात लेखणी एकाच्या हाती आणि हातोडी दुसऱ्याच्या हाती, ही वाटणी शेकडो वर्षे जन्मावरून होत आली. तिने दोन्हीकडे नुकसान केले. लिहिणाऱ्याला अवजार कळले नाही आणि अवजारवाल्याला पुस्तक मिळाले नाही. ती भिंत पाडण्यासाठी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी उद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तोही काम करता करता विज्ञान शिकण्यासाठीच. आता चाचणीच्या कागदावरून एकाला ‘वाचणारा’ आणि दुसऱ्याला ‘हाताचा’ ठरवू लागलो, तर तीच भिंत आपण नव्या विटांनी बांधू. ‘हाताचा’ ठरलेला मुलगा पुस्तकापासून दूर जाईल आणि ‘वाचणारा’ साधा फ्यूजही बदलू शकणार नाही.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, प्रयोगाच्या गटात कामे फिरती ठेवा. आज जोडणारा उद्या लिहील, लिहिणारा जोडेल. कृती आधी करून दाखवा, करताना मोठ्याने बोला, मग मुलांना करू द्या आणि शेवटी त्यांच्याकडून ती शब्दांत सांगून घ्या. वेळ अधिक लागेल हे खरे. पण चार मुलांच्या गटात एकच प्रयोग करतो आणि तिघे आकडे उतरवतात, त्या तासाला प्रयोगाचा तास कसे म्हणावे?

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही स्वतःच कसोटी घेऊन पाहा. कागदावर दुहेरी रेषांची चांदणी काढा. समोर आरसा उभा करा. मित्राला आपला हात दिसणार नाही असे एक पुस्तक आडवे धरा आणि आरशात पाहून दोन रेषांमधून पेन्सिल फिरवावयास सांगा. रोज दहा वेळा, असे तीन दिवस करा. रेषेबाहेर पेन्सिल किती वेळा गेली ते प्रत्येक वेळी लिहून ठेवा आणि आलेख काढा. सुरुवातीलाच प्रत्येकाला विचारून ठेवा, “तू वाचून शिकणारा की हाताने?” मग दोन्ही प्रकारच्या मुलांचे आलेख शेजारी ठेवून पाहा. चार-सहा मुलांवरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही, हे लक्षात असू द्या. पण जो मुलगा पहिल्या दिवशी “माझा हात चालत नाही” म्हणाला, त्याचा तिसऱ्या दिवशीचा कागद त्याला अवश्य दाखवा.

आमच्या त्या वहीवाल्याने पुढच्या तासाला मंडल तीन वेळा चुकीचे जोडले आणि चौथ्या वेळी बरोबर जोडले. काटा हलला तेव्हा तो वही विसरून गेला होता. त्याचा जोडीदार शेजारी बसून प्रथमच वाचने लिहीत होता, आणि “या दोन वाचनांचा भागाकार प्रत्येक वेळी सारखाच का येतो, सर?” असे विचारीत होता.