आधी नियम, मग रेषा

द्वितीय वर्ष, बी. ए.

गावची पडीत जमीन कोणाची, असे विचारले तर आमच्याकडे कोणीही चटकन सांगेल, "सरकारची." परंतु त्या जमिनीवर ढोरे कोठे चारावीत, खळे कोठे घालावे, मुरूम कोठून आणावा, मढे कोठे न्यावे हे कोणी ठरविले, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. नागऱ्यात मी दहा-बारा जणांना विचारून पाहिले. दोघे म्हातारे म्हणाले, "मालगुजाराच्या काळापासून चालत आले." बाकीच्यांनी तलाठ्याकडे बोट दाखविले.

वास्तविक याचे उत्तर एका कागदात असते. त्याचे नाव निस्तार पत्रक. 1951 साली मालगुजारी संपली, तेव्हा आपला भाग मध्यप्रदेशात होता. 1956 साली आपण मुंबई राज्यात आलो, 1960 साली महाराष्ट्रात. तरीही महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिच्यात केवळ विदर्भापुरते एक प्रकरण ठेवण्यात आले. त्यात म्हटले आहे की, गावातील बिनकब्जाच्या जमिनीच्या व्यवस्थेचे पत्रक जिल्हाधिकाऱ्याने तयार करावे, त्याचा मसुदा गावात प्रसिद्ध करावा, रहिवाशांची इच्छा जाणून घ्यावी आणि मगच ते कायम करावे. पुढे ग्रामपंचायतीने किंवा गावच्या किमान एक-चतुर्थांश प्रौढ रहिवाशांनी मागणी केली, तर चौकशी करून नोंद बदलताही येते.

हे प्रथम वाचले तेव्हा मला आनंद झाला आणि रागही आला. आनंद यासाठी की, कायद्याने आमच्यासारख्यांना विचारण्याचे ठरविले आहे. राग यासाठी की, हे आम्हांला कोणी सांगितलेच नाही. माझ्या वर्गात शेतकऱ्यांची मुले पुष्कळ आहेत. त्यांतील एकानेही आपल्या गावचे निस्तार पत्रक पाहिलेले नाही.

प्रसिद्ध करणे म्हणजे तरी काय? कुलूप असलेल्या इमारतीच्या भिंतीवर कागद डकविला की झाले प्रसिद्ध! आमच्या घरचाच अनुभव सांगतो. शेजारच्या शेताची मोजणी झाली, त्याची नोटीस आमच्या घरी पोचली ती मोजणीनंतर तिसऱ्या दिवशी. बाबांना वाचता येत नाही. मी वाचून दाखविली तेव्हा आमच्या बांधीच्या धुऱ्यावर खुणा ठोकून झाल्या होत्या. कार्यालयात गेलो तर 'नोटीस बजावली' हा शेरा दाखविण्यात आला. खुणा बरोबर असतीलही. पण त्या बरोबर आहेत हे बाबांना पटावे कसे? संहितेत तर हद्दीच्या वादासाठी रीतसर चौकशी सांगितली आहे, आणि तीत संबंधितांना हजर राहण्याची व पुरावा देण्याची संधी द्यावी असेही म्हटले आहे.

जे धुऱ्याचे, तेच राज्यांच्या सीमेचे. आंध्र व मद्रास यांच्या सीमावादात ह. वि. पाटसकर मध्यस्थ होते. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या ही तत्त्वे तेथे पायाशी होती. त्या पायावर निवाडा झाला आणि 1959 च्या कायद्याने गावांची अदलाबदल झाली. (हेच पाटसकर 1957 पासून आपल्या शेजारच्या मध्यप्रदेशाचे राज्यपाल होते, हे येथे कितीजणांना ठाऊक असेल?) उलट महाराष्ट्र-म्हैसूर वादासाठी 1966 साली, म्हणजे आपल्या महसूल संहितेच्याच वर्षी, न्या. मेहेरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. वाद कोणत्या कसोटीवर सोडवावा हे आयोगाला आधी ठरवून दिलेच नव्हते. 1967 च्या अहवालाने 264 गावे महाराष्ट्राला व 247 गावे म्हैसूरला सुचविली. बेळगाव म्हैसूरकडेच ठेवले. म्हैसूरने अहवाल स्वीकारला, महाराष्ट्राने फेटाळला. 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि वाद तेथे जाऊन पडला.

कसोटी आधी ठरली असती तर महाराष्ट्राने प्रतिकूल निकाल मानला असता काय? मराठी माणूस म्हणून मी छातीवर हात ठेवून 'हो' म्हणू शकत नाही. परंतु नाकारायला इतकी मोठी जागा तरी उरली नसती.

कोणी म्हणेल, प्रत्येकाला विचारत बसले तर कामे कधी व्हायची? आमच्या मोजणीत विचारण्याचा वेळ वाचला. आता अपील, वकील, तारखा यांत किती वर्षे जातील ते पाहायचे. मला वाटते, मसुदा ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा, नकाशासह. गावात ज्याला वाचता येत नाही त्यालाही कान आहेत. हरकत घेणाऱ्याला पोच द्यावी आणि ती फेटाळली तर का फेटाळली ते लिहून द्यावे. हे काही माझे नवे खूळ नाही. निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला कळवावीत, असे माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 सांगतोच. मोजणीच्या नोटिशीवर तर ज्या दिवशी ती हातात पडली त्या दिवसाची तारीख आणि घेणाऱ्याची सही किंवा अंगठा हवाच. नुसत्या शेऱ्यावर काम भागू नये.

आम्ही चार-पाच विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या निस्तार पत्रकाची नक्कल मागण्याचे ठरविले आहे. इतर गावच्या मित्रांनीही मागावी. माहितीच्या अर्जाला 10 रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाहीत.