रेकॉर्डी भंगारात द्यायच्या का?

यंदा भाऊबीजेला श्रीगोंद्याला गेले तर ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. मागची खोली पाडून स्लॅब टाकायचा दादाचा विचार चाललाय, त्यामुळे तिथलं सगळं सामान बाहेर आलं होतं. पितळी पातेली, बंद पडलेली शिवणयंत्रं, दोन कंदील, आणि अण्णांची ती हिरवी ट्रंक. ट्रंकेत त्रेचाळीस रेकॉर्डी. दादा म्हणाला, "भंगारवाला उद्या येतोय. तुला काय पाहिजे ते बाजूला काढ." त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. त्याच्यावर घर बांधायचं आहे, माझ्यावर नाही.

खरा प्रश्न विचारला तो आमच्या पुतण्याने. "आत्या, हे सगळं फोनवर आहे की. मग ही ट्रंक कशाला?"

मी पटकन काहीतरी बोलले, पण पुण्याला परत येताना एस.टी.त त्याच प्रश्नाचा विचार करत होते. म्हणून हे लिहितेय. नातेवाईक मंडळी वाचतील आणि म्हणतील, झालं हिचं सुरू! चालेल.

ट्रंकेत आहे काय, ते आधी सांगते. नाट्यगीतं, भीमसेन, कुमार हे तर आहेतच, पण निम्म्याहून जास्त रेकॉर्डी पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राच्या आहेत. त्यातही मोत्झार्ट-बीथोवन कमी, आणि विसाव्या शतकातले लोक जास्त. स्ट्राविन्स्की, बार्टोक, शोस्ताकोविच. उसाच्या पट्ट्यात, साखर कारखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाकडे हे कुठून आलं? तर कारखान्यात एक गोव्याचे इंजिनिअर साहेब होते. रिटायर होऊन गावी परत निघाले तेव्हा त्यांनी आपल्या बऱ्याच रेकॉर्डी अण्णांना देऊन टाकल्या. काही अण्णांनी स्वतः पुण्यात सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनातून आणल्या होत्या. गॉर्कीची मराठी पुस्तकं जिथे स्वस्तात मिळायची तिथेच रशियन रेकॉर्डीही मिळायच्या.

एचएमव्हीचा फिएस्टा प्लेअर होता. गळीत हंगामात अण्णा पाळी संपवून यायचे, अंगाला मळीचा वास असायचा, आंघोळ करायचे आणि एक बाजू लावायचे. एकच बाजू. शेजारच्या काकू विचारायच्या, "हे काय लावलंय हो, भांडी पडल्यासारखं?" आम्हालाही तसंच वाटायचं. आम्ही शाळेत जाणारी मुलं, रात्री बिनाका ऐकणारी. स्ट्राविन्स्की लागला की मी कानात बोटं घालून अभ्यासाचं नाटक करायचे.

"हे आपलं नाही" असं मी एकदा अण्णांना म्हणाले होते. ते म्हणाले, शेख महंमदांच्या गावात राहतेस आणि आपलं-परकं करतेस? मग त्यांनी सकाळी रेडिओ लावला, आणि केंद्र सुरू व्हायच्या आधी जी धून वाजते ती ऐक म्हणाले. तंबोरा आणि त्यावर व्हायोलिन. शिवरंजनीची छाया असलेली ती धून आपल्या पिढीच्या रक्तातच आहे. ती वॉल्टर कौफमान नावाच्या माणसाची मानली जाते, हे मला खूप नंतर कळलं. कार्ल्सबादमध्ये १९०७ साली जन्मलेला ज्यू संगीतकार. हिटलरचं राज्य आल्यावर १९३४ मध्ये मुंबईला आला, १९३७ ते १९४६ ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता. म्हणजे गावातली प्रत्येक चहाची टपरी रोज सकाळी विसाव्या शतकातल्या एका निर्वासित युरोपियन संगीतकाराची रेकॉर्ड ऐकत होती आणि कुणालाही ती परकी वाटत नव्हती. त्याचं बाकीचं संगीत मात्र विस्मरणात गेलं. त्याच्या काही चेंबर रचनांची रेकॉर्ड टोरोंटोच्या एआरसी आन्सांब्लने २०२० मध्ये काढली, तेव्हा कुठे लोकांना त्याचं नाव पुन्हा कळलं. माणूस १९८४ साली गेला होता.

असो. मुद्द्यावर येते.

माझी एक मैत्रीण आहे, पियानो शिकलेली. तिचं ठाम मत आहे की ऑर्केस्ट्रा हा हॉलमध्येच ऐकायचा. रेकॉर्ड म्हणजे पंचपक्वान्नाच्या ताटाचा फोटो! ती उगाच म्हणत नाही. झुबिन मेहतांचंच उदाहरण घ्या. १९३६ साली मुंबईत जन्म, वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढलेला, घरात सतत संगीत आणि रेकॉर्डी. तरी १९५४ मध्ये अठराव्या वर्षी व्हिएन्नाला गेल्यावर तिथल्या ऑर्केस्ट्राचा प्रत्यक्ष आवाज ऐकून आपण हादरलो, असं त्यांनीच सांगितलं आहे. आणि मलाही अनुभव आहे. मुंबईच्या एनसीपीएने २००६ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला, त्याच्या एका कार्यक्रमाला मी एका फेब्रुवारीत गेले होते. डबल बास वाजायला लागले तेव्हा आवाज कानाने नाही, खुर्चीतून पाठीला कळला. फिएस्टाने हे कधी दिलं नव्हतं. ते मान्यच.

पण एक सांगा. श्रीगोंद्याहून नरीमन पॉइंट गाठायला अर्धा दिवस जातो. अण्णांच्या उमेदीच्या काळात तर मुंबईतही असा कायमस्वरूपी व्यावसायिक ऑर्केस्ट्रा नव्हता. मग "हॉलमध्येच ऐका" याचा अर्थ "तुम्ही ऐकूच नका" असा होत नाही का? ज्यांना हॉल आहे त्यांनी रेकॉर्डला फोटो म्हणावं. ज्यांना नाही त्यांच्यासाठी तेच ताट आहे.

आणि मला आता वाटतं की रेकॉर्ड हा फोटोही नाही. हे मला ट्रंकेतल्या दोन रेकॉर्डींनी शिकवलं. दोन्ही शोस्ताकोविचच्या पाचव्या सिंफनीच्या. एक अण्णांनी प्रदर्शनातून आणलेली, येवगेनी म्राविन्स्की आणि लेनिनग्राड फिलहार्मोनिक. दुसरी इंजिनिअर साहेबांची, लिओनार्ड बर्नस्टाइन आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिक, १९५९ सालची.

या सिंफनीची गोष्ट थोडक्यात अशी. १९३६ च्या जानेवारीत 'प्रावदा'ने शोस्ताकोविचच्या ऑपेरावर जाहीर झोड उठवली. स्टालिनच्या राज्यात अशा टीकेचा अर्थ काय, हे सगळ्यांना माहीत होतं. माणसं रातोरात नाहीशी होत होती. त्यानंतर २१ नोव्हेंबर १९३७ ला लेनिनग्राडमध्ये पाचवी सिंफनी पहिल्यांदा वाजली, म्राविन्स्कीच्याच हाताखाली. लोक रडले, टाळ्या अर्धा तास थांबेनात. सरकारलाही पसंत पडली, कारण शेवट मोठ्या थाटाचा आहे. ट्रम्पेट, नगारे, आणि व्हायोलिनवाले एकच सूर पुन्हा पुन्हा घासतात. मोजणाऱ्यांनी अडीचशेच्या आसपास वेळा मोजलाय तो.

आता गंमत बघा. हा शेवट बर्नस्टाइन जोरात पळवतो. ऐकताना छाती फुगते, युद्ध जिंकल्यासारखं वाटतं. म्राविन्स्की तोच शेवट कितीतरी संथ घेतो. मग तो एकच सूर टाळी वाजव, वाजव, वाजव असं कुणीतरी पाठीमागे काठी घेऊन उभं राहून सांगितल्यासारखा वाटायला लागतो. कागदावरच्या नोटा त्याच. छापील प्रतींमध्ये वेगाचा आकडाही सगळीकडे एकसारखा नाही, त्यावरून जाणकारांत आजही वाद आहे. १९५९ मध्ये बर्नस्टाइनने मॉस्कोत ही सिंफनी वाजवली तेव्हा शोस्ताकोविच स्वतः हजर होता आणि स्टेजवर येऊन त्याने अभिवादन केलं. मग खरं कोण? विजय खरा की जबरदस्ती खरी?

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. एकच राग मल्लिकार्जुन गातात आणि कुमार गातात, तेव्हा त्यातला खोटा कोणता असं आपण विचारत नाही. पण ऑर्केस्ट्राच्या संगीताबद्दल आपला समज असतो की कागदावर लिहिलेलं असतं, ते वाजवलं की झालं. तसं नाही. रेकॉर्ड म्हणजे एका दिवशी, एका खोलीत, शंभर माणसांनी त्या कागदाबद्दल दिलेलं मत आहे. हॉलमधलं मत रात्री विरून जातं. रेकॉर्डवरचं मत राहतं, आणि दुसऱ्या मताशेजारी ठेवून बघता येतं. मुंबईतल्या एका संध्याकाळने मला आवाज दिला. पण हा प्रश्न त्या दोन रेकॉर्डींनीच दिला असता.

आणि म्हणून, मत कुणाचं ते लिहिलेलं असलं पाहिजे. माझा सगळ्यात मोठा राग इथे आहे. आपल्याकडे विसाव्या शतकात ऑर्केस्ट्रा सगळ्यात जास्त कुठे रेकॉर्ड झाला? मुंबईच्या सिनेमाच्या स्टुडिओत. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना नोटेशन वाचायला शिकवायचे, ती मुलं मोठी होऊन मुंबईत आली आणि व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट घेऊन स्टुडिओत बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातलेच. प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात मोठा ऑर्केस्ट्रा उभा करून भारतीय रागांवरच्या रचना वाजवल्या, लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. त्या रचनांची रेकॉर्ड मी खूप शोधली. मला मिळाली नाही. लोकांना त्यांचं नाव माहीत आहे ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यामुळे, आणि तेही अनेकांना गंमत म्हणून ठेवलेलं नाव वाटतं! ते २०१२ मध्ये गेले. त्यांच्यासारखी कितीतरी माणसं आपण आयुष्यभर ऐकली, पण रेकॉर्डच्या पाकिटावर संगीतकार, गीतकार, गायक, संपलं. वाजवणारे कोण, ते नाही.

पुतण्या म्हणतो ते खरंच आहे. फोनवर सगळं आहे, आणि मला त्याचा आनंदच आहे. आज श्रीगोंद्यातलं एखादं पोर लिंबाच्या बागेत बसून पाचव्या सिंफनीची वीस वादनं ऐकू शकतं. अण्णांकडे दोनच होती, त्यांना हेवा वाटला असता. पण फोनवर बरेचदा नाव दिसतं नुसतं गाण्याचं. कोण, कुठे, कधी, हे शोधत बसावं लागतं, आणि शोधायचं असतं हेच आधी कुणीतरी सांगावं लागतं.

परत येताना मी त्या दोन शोस्ताकोविच पिशवीत घातल्या होत्या. घरी आल्यावर आतली कागदी पाकिटं काढली. अण्णांची सवय होती, ऐकलं की पेन्सिलीने तारीख टाकायची. कधी नुसती तारीख, कधी 'लाइट गेली, राहिलं'. बर्नस्टाइनच्या पाकिटावर लिहिलंय, 'शेवटी हुरूप येतो.' म्राविन्स्कीच्या पाकिटावर तारखा जास्त आहेत. त्यातली एक आणीबाणीच्या काळातली, १९७६ ची. त्यापुढे लिहिलंय, 'शेवट आज कळला. कोणाला सांगू नये.'

मी तेव्हा त्याच घरात होते, बहुतेक कानात बोटं घालून. अण्णांनी काय ऐकलं आणि कोणाला सांगितलं नाही, ते विचारायला आता ते नाहीत.

मी दादाला फोन केला आणि ट्रंक माझी म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "ने बाई, पण पावसाच्या आत ने." पुतण्याला मी दोन्ही पाकिटांचे फोटो पाठवले आणि म्हटलं, फोनवर ही दोन्ही वादनं शोध, शेवटची पाच मिनिटं ऐक, आणि कोणतं खरं वाटतं ते मला सांग. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला. "आत्या, दुसरं वालं ऐकताना भीती वाटली. आजोबांनी १९७६ ला काय पाहिलं होतं?"

मला माहीत नाही. पण प्रश्न बरोबर विचारलाय पोराने.

तुमच्या घरी अशी ट्रंक असेल तर भंगारवाल्याला बोलवण्याआधी आतली पाकिटं तेवढी काढून बघा. आणि काही लिहिलेलं सापडलं तर मलाही कळवा.