'खट्' झालं की पुरे!

महिन्यातून दोनदा मी स्कूटीची टाकी फुल्ल करते. नॉझल 'खट्' करून आपोआप बंद झालं, तरी माझं असायचंच, "ताई, राउंड फिगर करा ना!" मग पंपावरची ताई टाकीवर वाकून थोडं थोडं पेट्रोल सोडायची.

पेट्रोल आत शिरतं, तशी टाकीतली वाफ बाहेर पडते, थेट तिच्या नाकातोंडात. त्या वाफेत बेन्झीन असतं. ते हाडांतल्या अस्थिमज्जेला इजा करतं, त्यातून रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तर पेट्रोललाच कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. आपण तिथे दोन मिनिटं थांबतो. ताई मात्र अख्खी पाळी उभी असते, तोंडाला ओढणी बांधून. ओढणीने धूळ अडते, वाफ नाही.

वाफ परत खेचून घेणारी नॉझल बसवणं, कामगारांच्या रक्ताची नियमित तपासणी करणं हे मालक आणि तेल कंपन्यांचं काम. ते त्यांनी करायलाच हवं. ब्राझीलने २०१६ च्या नियमांत नॉझल बंद झाल्यावर पुढे भरायलाच मनाई केली. आपल्याला त्यासाठी कायद्याची वाट बघायची गरज नाही. 'खट्' झालं की म्हणायचं, "बस्स ताई." सुटे पैसे मी शोधेन.